अक्का, तो लेख का काढलास?

अक्का,

भाऊंनी तुझ्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. "बघते," एवढंच म्हणाले. स्मरणिकांमध्ये लोक काय लिहितात ते तुला-मला चांगलं ठाऊक आहे. हसतमुख, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय. अशा पुस्तिका आमच्या धुळ्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नेहमी येतात, मी त्यांच्यावर क्रमांक टाकते आणि कपाटात लावून देते. तुझ्याबद्दल तसं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मला तुझ्याशी बोलायचंय. तू गेलीस तेव्हा आपलं बोलणं बंद होतं, आणि ते मी बंद केलं नव्हतं.

आपली ओळख झाली ती एका निजलेल्या सभागृहात. जेवणानंतरची वेळ, पंखे फिरताहेत, आणि समोर खान्देशातल्या सहा-सात कॉलेजांचे प्राध्यापक. मी जीव तोडून समजावत होते. तुम्ही संशोधन करता, लेख लिहिता, तो एखाद्या मोठ्या मासिकात छापून येतो आणि तिथेच कुलूपबंद होतो. तुमच्याच कॉलेजला तो वाचता येत नाही, तुमच्या विद्यार्थ्याला येत नाही, ज्या गावावर लिहिलाय त्या गावाला तर नाहीच नाही. पण बरीच मासिकं लेखकाला स्वतःची शेवटची प्रत आपल्या संस्थेच्या मुक्त भांडारात ठेवू देतात. आपल्या कॉलेजांनी मिळून असं भांडार उघडलंय, त्यात तुमचे लेख द्या, ज्याला हवा तो वाचेल.

मी थांबले. मागून एका सरांनी विचारलं, "भांडार म्हणजे मॅडम, किराणा का वस्त्र?"

सभागृहाला जाग आली ती त्या हशाने. माझा चेहरा उतरला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून सुती साडीतली एक बाई उठली. "किराणाच समजा सर," तू म्हणालीस. "गिऱ्हाईक बाहेर उभं आहे आणि आपण शटर ओढून आत माल मोजत बसलोय." मग तू पुढे आलीस, पर्समधून पेन ड्राइव्ह काढलास आणि माझ्या हातावर ठेवलास. "पहिला माझा टाक."

तो तुझा पाण्यावरचा लेख होता. चोपडा तालुक्यातल्या, सातपुड्यापासून तापीपर्यंतच्या गावांमधलं पिण्याचं पाणी, आणि त्यातलं फ्लोराईड. तू रसायनशास्त्राची, जळगावच्या कॉलेजात. दोन उन्हाळे तू जीपने हिंडून बाटल्या भरून आणल्या होत्यास. लेखाच्या शेवटी एक तक्ता होता, कुठल्या गावाचं पाणी प्यायला बरं आणि कुठलं नाही, अगदी शाळेच्या पोरालाही कळेल असा. तोच तक्ता मराठीत करून तू त्या सगळ्या ग्रामपंचायतींना पाठवलाही होतास. मी तुला मॅडम म्हणाले, तर म्हणालीस, "मॅडम वर्गात. मला बठ्ठे अक्का म्हणतात." पुढच्या खेपेपर्यंत माझं 'तुम्ही'सुद्धा गळून पडलं.

मग आपण दोघी निघालो. पारोळा, अमळनेर, शिरपूर, शहादा, कधी एसटीने, कधी तुझ्या स्कूटरवर. एकेका प्राध्यापकाला गाठून त्याचा लेख मागायचा. मी नियम सांगायचे, तू माणूस ओळखायचीस. अमळनेरचे ते इतिहासाचे सर आठवतात? म्हणाले, "माझे सगळे लेख कपाटात आहेत. अगदी सुरक्षित." तू गोड आवाजात म्हणालीस, "सर, कपाटात वाळवी येते ती वाचत नाही हो, नुसती खाते." ते आधी रागावले, मग हसले, आणि चहा संपेपर्यंत त्यांनी तीन लेख दिले. शहाद्याची ती नवी लागलेली मुलगी तुला बाजूला घेऊन रडली होती. तिचा लेख कुठल्या तरी बनावट मासिकात छापलेला होता, बढतीच्या गुणांसाठी. तो जगापुढे ठेवला तर लोक काय म्हणतील? तू तिच्या पाठीवर हात ठेवलास. "तो राहू दे," म्हणालीस, "पुढचा नीट लिही, आणि तो आधी मला दे." तिने दिलाही. वर्षभराने तिचा तो लेख आला तेव्हा तुला किती आनंद झाला होता!

शहाद्याहून परतीच्या बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "संध्या, हे लोक सांगतात, आमचं चोरतील म्हणून देत नाही. खोटं आहे ते. चोरतील याची भीती नाही वं त्यांना. वाचतील याची आहे."

हे वाक्य मी पुढे प्रत्येक कार्यशाळेत वापरलं. तुझं नाव सांगून वापरलं.

पिंप्राळ्याला तुझ्या घरी आलं की भाऊ दारातच विचारायचे, "काय वं, तुमनं भांडार भरनं का?" दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला तुझा नवरा तुझ्या प्रत्येक दौऱ्याचा डबा भरून द्यायचा. ठेचा वेगळा, पोळ्या वेगळ्या, आणि माझ्यासाठी आठवणीने लोणचं. मला सख्खी बहीण नाही. तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले की ती उणीव जाणवायची नाही. आई आजारी पडली तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात माझ्याआधी तू पोचली होतीस. हे सगळं मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं इतकं लागलं नसतं.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी रजेवर होते. परत आले ती थेट आमच्याच कॉलेजातल्या कार्यशाळेला. माझं कॉलेज, माझे सहकारी, समोर प्राचार्य बसलेले. तू दुपारच्या सत्राला येणार होतीस. सकाळी तुझा फोन आला, "घसा बसलाय गं. तू घे आज सगळं." तुझा आवाज बसलेला वाटला नाही, पण मी काही म्हणाले नाही. आल्याचा काढा घे एवढं सांगितलं.

नेहमीसारखी मी शेवटाकडे आले. "आता बघा," म्हटलं, "आपल्या भांडारातला हा पहिला लेख." आणि पडद्यावर तुझा लेख उघडला. म्हणजे उघडायला गेले. पडद्यावर एकच ओळ आली: लेखिकेच्या विनंतीवरून हा लेख काढून टाकण्यात आला आहे.

मला वाटलं, काहीतरी बिघाड असेल. पुन्हा उघडला. तीच ओळ. माझ्या पाठीमागे ती भल्यामोठ्या अक्षरांत झळकत होती आणि मी सभेसमोर उभी होते. पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख, ज्यांनी आजवर एकही लेख दिला नव्हता, खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, दुकानाच्या मालकिणीनेच माल उचलला की हो."

या वेळी शेवटच्या रांगेतून कुणी उठलं नाही.

भांडाराचं संगणकाचं काम बघणाऱ्याला मी तिथूनच, व्हरांड्यात जाऊन फोन लावला. तो बिचारा गोंधळला. "अक्का स्वतः आल्या होत्या मॅडम. भांडार समितीच्या अध्यक्षांची परवानगी घेऊन आल्या. मी विचारलं, संध्या मॅडमना माहीत आहे का? तर म्हणाल्या, मी सांगितलंय तिला."

अक्का, तू खोटं बोललीस. माझं नाव घेऊन बोललीस, आणि तेही मी आईच्या उशाशी बसलेली असताना.

मी तुला फोन केला. तुला आठवत असेल तो.

"अक्का, लेख काढलास?"

"हो."

"का?"

"माझा लेख आहे. मी ठेवीन, मी काढीन. नियम तूच केलाय ना तसा?"

"नियमाचं नाही विचारत गं. मला का नाही सांगितलंस?"

तू म्हणालीस, "संध्या, मला आता हे जमायचं नाही. तू कर तुझं." आणि फोन ठेवलास. घसा अगदी मोकळा होता तुझा.

नंतर मी किती निरोप पाठवले. उत्तर नाही. एका रविवारी जळगावला आले, रिक्षा करून पिंप्राळ्याला पोचले. भाऊ दारात उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. "ती झोपेल शे," म्हणाले, म्हणजे झोपलीय. आतून मिक्सरचा आवाज येत होता. तुमच्या घरात तुम्ही दोघंच. मी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी खाली पाहिलं. मिक्सर थांबला. तू ऐकत होतीस. मी मोठ्याने म्हणाले, "बरं भाऊ, येते मग," आणि तशीच फिरले. रिक्षावाला अजून वळतच होता.

पुढचं तुला कळलं की नाही, कुणास ठाऊक. तुझ्या मागोमाग रांग लागली. अमळनेरच्या सरांचा निरोप आला, "अक्कांनी काढला, तर आमचेही काढा. काहीतरी कारण असेलच." शिरपूरने कार्यशाळा पुढे ढकलली. माझ्याच कॉलेजात स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. कुणी म्हणायचं, त्यांच्यात बिनसलंय. कुणी म्हणायचं, लेखात चोरी असेल. हे ऐकून मी भांडले, अक्का. तू माझा फोन घेत नव्हतीस त्या दिवसांत मी तुझ्या प्रामाणिकपणाची शपथ खाऊन लोकांशी भांडत होते. तुझ्याकडे काहीतरी चांगलं कारण असणार, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

मग भाऊंचा फोन आला. "संध्या, अक्का गयी." प्रयोगशाळेत शिकवता शिकवता छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी आले. तुला पाहिलं. लोक रडत होते, मला रडू आलं नाही. मनात एकच होतं, आता हिला विचारता येणार नाही.

तुझ्या तेराव्याला घर भरलेलं होतं. माणसं पांगायला लागली तेव्हा एक बाई आली, पस्तिशीची, हातात हेल्मेट. भाऊंच्या पाया पडली. मी शेजारीच बसले होते. म्हणाली, "मी मीनल. चोपड्याला माझा दातांचा दवाखाना आहे. मॅडमसारखी माणसं आता होणार नाहीत हो."

मी विचारलं, तुमची ओळख कशी? आणि तिने अगदी भक्तिभावाने सगळं सांगितलं. तिच्याकडे टेकडीजवळच्या एका गावातली मुलं येत होती. दातांवर पिवळे-तपकिरी डाग, घासून न जाणारे. पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की लहान मुलांचे दात असे होतात हे तिला माहीत होतं. पण पंचायतीच्या भिंतीवर कागद लावलेला, पाणी प्यायला उत्तम. दवाखान्यात बसून महागडी मासिकं कुठून मिळणार? तिने असंच मोबाइलवर शोधलं आणि आपल्या भांडारात तुझा लेख सापडला, कुलूप नसलेला. तिने तक्ता पाहिला. टेकडीजवळचं गाव चांगलं, नदीकाठचं गाव वाईट. पण नदीकाठच्या गावातल्या मुलांचे दात तर पांढरेशुभ्र होते! तिला शंका आली, दोन गावांचे आकडे उलटे पडले असतील. तिने तुला फोन केला.

"दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, तू दात काढ बाई, तुला काय कळतं," मीनल म्हणाली. "मॅडम त्याच आठवड्यात आल्या. स्वतः बाटल्या भरल्या, स्वतः तपासलं. आणि मला फोन करून म्हणाल्या, डॉक्टर, तुमचं बरोबर आहे. तक्ता टाइप करताना माझ्या हातून ओळी बदलल्या. इतका मोठा माणूस आणि इतका साधेपणा!"

ती डोळे पुसत होती. तुझ्या तेराव्याला, तुझ्या फोटोसमोर बसून, मी तुझ्यावर इतकी चिडले की मला उठून गॅलरीत जावं लागलं.

तुला कळतंय का मी का चिडले? तू चूक केलीस म्हणून नाही. ओळी कुणाच्याही हातून बदलतात. अक्का, आपण गावोगाव हिंडून कुणासाठी दार ठोठावत होतो? ह्याच बाईसाठी. जिच्याकडे मोठं ग्रंथालय नाही, पण डोळे आहेत, तिला लेख वाचता यावा म्हणून. आपण लोकांना सांगायचो, असा कुणीतरी वाचक आहे हो, तो येईल. ते हसायचे. मलाही मनातून खात्री नव्हती. आणि ती आली! तिने वाचलं, तिने पकडलं, पोरांचे दात वाचवले. आपल्या सगळ्या धडपडीचं याहून मोठं यश कुठलं? आणि ते तू माझ्यापासून लपवलंस. लेख दुरुस्त करून ठेवला असतास, खाली मीनलचं नाव लिहिलं असतंस, तर त्या कार्यशाळेत मी तो लेख पडद्यावर अभिमानाने दाखवला असता. तू तो पुसून टाकलास.

आणि पुसून चूक जात नाही, हे मला तुला सांगावं लागावं? तुझा लेख ज्या मासिकात छापला ते अजून तोच उलटा तक्ता कुलपाआड ठेवून विकतंय. तिथे दुरुस्ती कळवायची ती लेखकानेच. धुळ्याच्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात तो तक्ता आहे. एका संस्थेच्या पाणी अहवालात आहे. या लोकांनी मूळ लेख परत उघडून पाहिला तर त्यांना काय दिसणार? काहीच नाही. चुकीच्या प्रती जगात फिरताहेत, आणि जिथे दुरुस्ती सापडली असती ती एकच जागा तू रिकामी केलीस.

पुढच्या आठवड्यात मी मीनलबरोबर त्या गावाला गेले. तिच्या मोटरसायकलवर मागे बसून, केळीच्या बागा ओलांडून, टेकडीच्या पायथ्याशी. बोअरच्या पंपाला लाल रंग फासलेला आहे, तू फासायला लावलास तो. आता नदीकाठच्या गावाकडून नळ आणलाय. हंडा भरणाऱ्या एका बाईला मी तुझ्याबद्दल विचारलं. ती लगेच म्हणाली, "त्या जळगावन्या मॅडम? त्या उन्यात, मना पोऱ्याना दात देखात, आनि रडी पडन्यात. बठ्ठासमोर हात जोडात त्यासनी." मग पोराला हाक मारून म्हणाली, "हास रे जरा, ह्या बाईले दाखाड." तो हसला नाही. ओठ घट्ट मिटून आईच्या मागे गेला.

त्या पोराचे दात पाहून तू रडलीस, सगळ्या गावासमोर हात जोडलेस. नदीकाठच्या गावातही गेलीस, जिथल्या बायका तुझ्या कागदामुळे स्वतःचं चांगलं पाणी सोडून लांबून हंडे आणत होत्या, त्यांचीही माफी मागितलीस. अनोळखी डॉक्टरिणीला कबुली दिलीस. एवढं धैर्य होतं तुझ्यात, अक्का. मग ते माझ्यापाशी येऊनच का संपलं? मला सांगायला किती लागलं असतं? एक फोन.

परतीच्या वाटेवर मी तुझी बाजू घेऊन पाहिली. तुला वाटलं असेल, ते पदार्थविज्ञानाचे सर टपलेलेच आहेत. रसायनशास्त्रात एवढी वर्षं बाई म्हणून तुझं एकेक वाक्य तपासलं गेलं, एक चूक सापडली की म्हणतील, बघा. वाटलं असेल, चळवळच बदनाम होईल. हे सगळं मी स्वतःशी मोठ्याने बोलले, मीनलला हेल्मेटमधून ऐकू गेलं नाही म्हणून बरं. मला ते पटलं नाही. बदनाम तर तशीही झाली. फक्त कारण न कळता झाली.

मग मी पिंप्राळ्याला गेले, भाऊंकडे. भाऊंनीच चहा केला. साखर जास्त पडली होती. मी सरळ विचारलं, "भाऊ, तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत व्हतं."

"त्या दिवशी दारात सुद्धा?"

"तिनी सांगं व्हतं, संध्याला आत घेऊ नका म्हणून." ते कपाकडे बघत राहिले. मग एकेक शब्द उचलल्यासारखं बोलले. "त्या गावाहून आली तशी दोन घास पोटात जाईनात तिच्या. मी म्हटलं, संध्याला बोलाव, मन मोकळं कर. तर म्हणाली, ती काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. ती म्हणेल, अक्का, हेच सगळ्यांना सांग, उभी राहून सांग. आणि ती बरोबर म्हणेल. माझ्याच्यानं नाही होणार. त्या पोरांचे दात घेऊन मी गावोगाव भाषण करू का? म्हणून तिला सांगायचंच नाही."

मी कप खाली ठेवला. अक्का, हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं ना? तुला माझी किंमत होती, मी काय म्हणेन हे तुला ठाऊक होतं. पण मला उलट वाटलं. परक्यांसमोर तू रडलीस, कारण ते तुला फक्त माफ करणार होते. माझ्याकडे आली असतीस तर मी माफही केलं असतं आणि उभंही केलं असतं. त्या उभं राहण्याला तू भ्यालीस. म्हणजे इतकी वर्षं तू माझ्याबरोबर हिंडलीस, लोकांच्या भीतीला हसलीस, आणि आपली पाळी आल्यावर मला दाराबाहेर ठेवलंस. अनोळखी माणसाने केलं असतं तर मी विसरले असते. तू माझी अक्का होतीस.

मी भाऊंना म्हणाले, "लेख परत ठेवायचाय, भाऊ. दुरुस्त करून, खाली टीप लिहून. तिच्यानंतर तुमची सही चालते."

भाऊंनी विचारलं, "ती असती तर हो म्हणाली असती?"

"नाही."

"मग मी काय सही करू वं? तुनं बठ्ठं खरं शे. पन ती नही म्हनी गयी." ते कपबशा उचलायला लागले. "पस्तीस वर्षांच्या संसारात तिच्या कामात मी हात घातला नाही. आता ती नाही म्हणून घालू?"

मी उठले. नियम आपण दोघींनी केलाय, होकाराशिवाय एकही लेख चढवायचा नाही. तो मी मोडणार नाही. मी दारापाशी पोचले तेव्हा भाऊ मागून म्हणाले, "स्मरणिकेत तुला काय लिहायचं ते लिही. छापायच्या आधी मी वाचणार नाही. छापल्यावर वाचीन."

ते काय म्हणत होते ते मला चपला घालताना कळलं.

म्हणून मी हे लिहितेय. तू रागावशील हे मला माहीत आहे. तू मला न विचारता काढलास, मी तुला न विचारता लिहितेय, आणि हे चांगलं नाही हेही मला कळतं. पण तुझे दोन उन्हाळे, त्या जीपमधल्या बाटल्या, भर सभेत उठून माझ्या हातावर ठेवलेला तो पहिला लेख, याचा शेवट एका रिकाम्या पानावर होऊ देणं मला जमत नाही. तुझ्यावरची माया म्हणून लिहितेय की तुझ्यावरचा राग म्हणून, ते मला आज वेगळं करता येत नाही.

गावांची नावं लिहीत नाही. तिथल्या बायकांनीच विनवलंय, पोरींची लग्नं व्हायची आहेत. पण तक्ता ज्यांच्याकडे आहे त्यांना कळेल.

चोपडा तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्यावरच्या लेखातील तक्त्यात, शेवटच्या दोन ओळींतले आकडे एकमेकांच्या जागी छापले गेले आहेत. टेकडीजवळच्या गावाच्या बोअरचं पाणी पिण्यायोग्य नाही. नदीकाठच्या गावाचं पाणी पिण्यायोग्य आहे. ही चूक चोपड्याच्या दंतवैद्य डॉ. मीनल यांनी दाखवून दिली. लेखिकेने स्वतः जाऊन पाणी पुन्हा तपासलं, चूक मान्य केली आणि दोन्ही गावांची माफी मागितली. ज्यांनी हा तक्ता कुठेही वापरला असेल त्यांनी तो दुरुस्त करावा.

याखाली तुझी सही हवी होती, अक्का.